बाबूला घरूनच झोपवून नेऊ का?

पत्र:

माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. अडीच वर्षांचा असताना त्याचं जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन झालं. थिएटरच्या दाराशी एका बाईनं त्याला माझ्या कडेवरून ओढून घेतलं, दार बंद झालं आणि आतून त्याचा आवाज येत राहिला. नंतर तीन-चार महिने तो रात्री दचकून उठायचा. मी न्हाणीत गेले तरी बाहेरून दार बडवायचा. सुटलेली अंथरुणातली शू परत सुरू झाली, ती अजूनही कधीमधी होते. आता टॉन्सिल आणि अडेनॉइडचं ऑपरेशन सांगितलंय, चवथ झाली की लगेच. रात्री फार घोरतो, मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटतो. सासूबाई म्हणतात, कोल्हापूरला जाताना चोर्ला घाटात उलटी होऊ नये म्हणून फेनरगन देतो तेच दोन चमचे पाजून न्या, झोपेतच सगळं उरकेल. नवरा म्हणतो, लहानपणी दोनदा भूल दिली तर मेंदूवर परिणाम होतो, मोबाइलवर आलंय. नणंद म्हणते, मामाकडे जातोय असं सांगून न्या. तिच्या जावेच्या मुलीला म्हणे आधी गुंगीचं औषध दिलं होतं आणि ती हसत हसत आत गेली. मग आमच्या मुलाला का नाही दिलं? या वेळी मागू का? मागितलं तर डॉक्टर रागावतील का?

एक आई, साखळी

उत्तर:

ताई,

आधी ती फेनरगनची बाटली उचला आणि वरच्या फळीवर ठेवा. बाकीचं मग बोलू.

सासूबाईंशी भांडू नका. नातवाचे हाल होऊ नयेत एवढंच त्यांच्या मनात आहे. पण त्यांना शेजारी बसवून हे वाचून दाखवा. फेनरगन म्हणजे प्रोमेथाझिन. त्यानं मूल पेंगतं, पण किती पेंगेल याचा भरवसा नसतो. एक मूल ढाराढूर झोपतं, दुसरं उलटं चेकाळून घर डोक्यावर घेतं. अंगात ते तासन् तास राहतं, म्हणजे थिएटरात जे औषध दिलं जाईल ते या आधीच्या औषधावर जाऊन बसणार. दोन वर्षांखालच्या मुलांचे यानं श्वास मंदावून मृत्यू झाले, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००४ साली त्या वयाला हे औषध देऊच नका असा कडक इशारा दिला. तुमचा बाबू साडेचारचा आहे, हे खरं. पण तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोठं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय: रात्री घोरतो आणि मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटतो.

अशा मुलाच्या घशातली वाट आधीच अरुंद असते. दोन बाजूंना टॉन्सिल फुगलेले, वर नाकाच्या मागे अडेनॉइड. जागेपणी घशाचे स्नायू ती वाट ताणून उघडी धरतात. झोपेत ते सैल पडतात, म्हणून घोरणं. श्वास अडला की साध्या झोपेत मेंदू मुलाला ढोसतो; ते धाप टाकतं, कूस बदलतं आणि पुन्हा झोपतं. औषधाच्या झोपेत हा ढोसणाराच पेंगुळलेला असतो. आता डोळ्यांसमोर आणा. पहाटेची वेळ, स्कूटर, तुम्हा दोघांच्या मध्ये बसवलेला बाबू, पोटात दोन चमचे फेनरगन. मान पुढे पडून हनुवटी छातीला टेकलेली. तुम्ही मागे बसलेल्या, तोंड दिसत नाही, इंजिनाच्या आवाजात घोरणंही ऐकू येत नाही. तुम्हाला वाटणार, बरं झालं, शांत झोपलाय.

ही मी घालत असलेली भीती नाही. दातांच्या दवाखान्यात गुंगी दिलेली मुलं दगावली, तेव्हा अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९८५ साली मुलांच्या गुंगीचे नियम पहिल्यांदा लिहून काढले. पुढे २००० साली अशा अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात घरात आणि गाडीत घात झालेल्या मुलांच्या नोंदी आहेत. तेव्हापासून आमच्या, म्हणजे भूल देणाऱ्यांच्या धंद्यात एक नियम पक्का आहे. गुंगीचं औषध घरी द्यायचं नाही. जिथं प्राणवायूची नळी हाताशी आहे, रक्तातला प्राणवायू दाखवणारं, बोटाला लावायचं यंत्र आहे आणि मुलाचा श्वास थांबला तर तो देऊ शकणारा माणूस उभा आहे, तिथंच द्यायचं.

फेनरगन नको तर जायफळ उगाळून देते, असं घरातलं कुणीतरी म्हणेलच. नको. सहाणेवर दहा वेढे घेतले की वीस, कुणी मोजत नाही, आणि ते चाटवायचं दुधातून, म्हणजे उपासही मोडला. सर्दीत छातीला फेणी चोळणारी घरं मी पाहिलीत, त्याला माझं काही म्हणणं नाही. पण बोटाला थेंब लावून चाटवणारी घरंही पाहिलीत. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्यांना बाळागोळी देत. तिच्यात अफू असायची. पाळणाघर नव्हतं, दुसरं कुणी सांभाळायला नव्हतं, त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. तुमच्यावर तशी वेळ आलेली नाही. आणि समजा, चुकून काही दिलंच गेलं, तर इस्पितळात पोचताच सांगा. लपवू नका. ऑपरेशन पुढं जाईल एवढंच.

आता तुमचा खरा प्रश्न. नणंदेच्या जावेच्या मुलीला दिलं ते बहुधा मिडाझोलम असणार. मुलांना ऑपरेशनआधी तोंडावाटे द्यायचं हे सगळ्यात रुळलेलं औषध. चवीला कडू जहर. सिरप नसेल तिथं इंजेक्शनचंच औषध मधात किंवा गोड पाण्यात कालवून पाजतात, आणि तरी मुलं थुंकतात. किती मिलिग्रॅम ते इथं छापत नाही, कारण छापलं की कुणीतरी चमच्यानं मोजायला बसेल. वजन बघून ते ठरतं आणि ते भूलतज्ज्ञाचं काम. वीस मिनिटं ते अर्ध्या तासात असर दिसतो. पुष्कळ आयांना वाटतं मूल झोपेल. बहुतेक झोपत नाही. ते झिंगतं. डोळे जड, जीभ जड, उगाच हसू, बसल्या जागी डुलणं. परक्या माणसानं उचललं तरी चालतं. म्हणून औषध घेतल्यावर त्याला खाली चालू देत नाहीत, आईच्या मांडीवर नाहीतर कठडा लावलेल्या खाटेवर ठेवतात आणि कुणीतरी लक्ष ठेवून असतं. याचा दुसरा गुण म्हणजे विसर. त्यानंतरचं मुलाला सहसा आठवत नाही.

अवगुणही ऐका. काही मुलांना हे उलटं लागतं. शांत व्हायच्या ऐवजी ती चिडतात, ओरडतात, ओरबाडतात. आणि याची वेळ गाठावी लागते. आधीचं ऑपरेशन लांबलं आणि तुमचा नंबर तासभर पुढं ढकलला गेला, तर असर ओसरतो आणि दाराशी पुन्हा तीच रडारड. हे माझ्याकडून कितीदा झालंय. फोनवर वॉर्डला सांगायचं, "पाजा आता," आणि इकडे सर्जन म्हणायचा, अजून थोडं काम आहे.

दुसरं औषध अलीकडे पुष्कळ ठिकाणी वापरतात, डेक्समेडेटोमिडीन. नाव उच्चारता आलं नाही तरी चालेल. ते नाकात थेंब किंवा फवारा करून देतात, कडू नाही, झोंबत नाही, आणि येणारी झोप बरीचशी रोजच्या झोपेसारखी असते. मात्र त्याला अर्धा-पाऊण तास लागतो आणि नाडी थोडी मंदावते. ज्यांची यादी घाईची, त्यांना हे औषध आवडत नाही.

मग तुमच्या मुलाला मागच्या वेळी का दिलं नाही? औषध पाजून झिंगलेल्या मुलाशेजारी बसायला एक नर्स लागते, खाट लागते, यंत्र लागतं आणि वेळ लागतो. दिवसाच्या यादीत सात-आठ ऑपरेशनं लावलेली असली की पहिली काट याच्यावर बसते. "एक मिनिट रडेल, मग झोपेलच," असं आम्ही म्हणतो. मी स्वतः म्हटलंय. मी भूलतज्ज्ञ होते, आणि नवी होते तेव्हा दाराशी मुलाला आईच्या कडेवरून ओढून घेणारी बाई मीच होते. तेव्हा आम्ही हॅलोथेन नावाचा भुलीचा वायू देत असू. दोघांनी हातपाय धरायचे, तोंडावर मास्क दाबायचा, मूल रडतं म्हणजे खोल श्वास घेतं, म्हणजे लवकर झोपतं. हा आम्ही फायदाच समजायचो. एक चार वर्षांचा मुलगा टाके काढायला परत आला. वॉर्डातून मी सहज जात होते. मला बघितलं आणि त्याची चड्डी ओली झाली. आई त्याला ओरडायला लागली. त्याचं काही चुकलं नव्हतं, हे तिला सांगायचं धैर्य मला त्या दिवशी झालं नाही.

तुमच्याही मुलाचं काही चुकलेलं नाही. तो हट्टी नव्हता, लाडावलेलाही नव्हता. अमेरिकेत १९९६ साली एक अभ्यास झाला. त्यात ऑपरेशननंतर दोन आठवड्यांनी निम्म्याहून जास्त मुलांच्या वागण्यात असे बदल दिसले: दचकणं, आईला चिकटणं, शू होणं. पाचातल्या एकात सहा महिन्यांनीही. आणि भूल घेताना जी मुलं जास्त घाबरली, त्यांच्यात हे जास्त. धरून ठेवण्याची सवय आमच्या धंद्याला जुनीच. आपल्या पणजी शहरातली वैद्यकशाळा १८४२ ची, आणि बॉस्टनला ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली ती १८४६ च्या ऑक्टोबरात. म्हणजे आपल्याकडची पहिली तुकडी शस्त्रक्रिया शिकली ती रुग्णाला बांधून आणि धरूनच. आता तसं करायचं कारण उरलेलं नाही.

म्हणून मागा. जरूर मागा. पण वॉर्डातल्या सिस्टरकडे त्या दिवशी सकाळी मागून उपयोग नाही. ऑपरेशनआधी भूलेच्या फिटनेसला, म्हणजे तपासणीला पाठवतात ना, त्या दिवशी भूलतज्ज्ञालाच सांगा. मागच्या वेळी काय झालं, नंतर किती महिने काय चाललं, हे सगळं, अगदी पत्रात लिहिलंय तसं. आणि एक काम आज रात्रीच करा. बाबू गाढ झोपला की शर्ट काढा, उजेड बेताचा ठेवा आणि छाती व तोंड दिसेल असा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. तीन रात्री घ्या. श्वास अडतो तो क्षण त्यात आला तर उत्तम. आईनं "घोरतो" म्हटलं की डॉक्टर मान डोलावतात. व्हिडिओ बघितला की खुर्चीत सरळ होतात. तो मान मागे टाकून झोपतो का, झोपेत घामानं भिजतो का, तेही सांगा. ती शूसुद्धा सांगा. तुम्ही ती भीतीच्या खात्यावर टाकलीत. भीतीची असेलही, पण झोपेत श्वास अडणाऱ्या मुलांतही ती दिसते.

एवढं ऐकून भूलतज्ज्ञ कदाचित म्हणेल, याला आधी गुंगी नको. तेव्हा निराश होऊ नका आणि त्याला निष्ठुरही समजू नका. फेनरगनबद्दल मी जे सांगितलं ते थोड्या फरकानं इस्पितळातल्या औषधालाही लागू आहे. कुणी कमी मात्रा देईल, बोटाला यंत्र लावून, समोर बसून. कुणी अजिबात देणार नाही. दोन्ही समजूतदार माणसांचे निर्णय असू शकतात. मी असते तर व्हिडिओ बघून ठरवलं असतं. ज्याला मुलाची भीतीही दिसते आणि घसाही दिसतो, त्याच्या हाती हे सोपवा. गुंगी द्यायची की नाही हे तुम्ही ठरवू नका. पण मुलाला ओढून नेणार नाही, एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्या.

गुंगीशिवायही नीट नेता येतं. सेव्होफ्लुरेन नावाचा वायू मास्कमधून देतात. घुसमटवणारा वास नसतो, मूल मिनिटभरात झोपतं. मास्कच्या आतल्या बाजूला स्ट्रॉबेरीचा इसेन्स लावणारे लोक आहेत. फुगा फुगवायचा खेळ म्हणून मास्क स्वतःच्या हातानं धरू देणारेही आहेत. हाताला आधी सुई लावायची असेल, तर कातडी बधिर करणारं मलम तासभर आधी लावून वर पट्टी चिकटवता येते. ते विचारा, अनेकदा विचारलं नाही म्हणून लावलं जात नाही. आणि मोबाइल. एरवी मी मोबाइलच्या विरोधात बोलणारी म्हातारी आहे, पण इथं नाही. काही अभ्यासांत आवडीचं कार्टून किंवा गेम मिडाझोलमच्या तोडीचं ठरलंय. त्या दिवसासाठी एक नवं कार्टून राखून ठेवा, आधी दाखवू नका.

तुम्हाला आत येऊ देतील का? काही ठिकाणी देतात, काही ठिकाणी नाही. मी आईला आत घेणाऱ्यांपैकी आहे, पण प्रत्येक आईला नाही. आई थरथरत असेल तर मूल तिच्या हातावरूनच ओळखतं, आणि मग ती आत असून फायदा होत नाही. ताई, तो आवाज तुमच्या कानात अजून असणारच. तुमच्यापेक्षा बाबूचे वडील निवांत असतील तर त्यांना पाठवा, त्यात तुमच्या आईपणाला काही कमीपणा नाही. जो आत जाईल त्यानं हे जाणून जावं: झोप लागताना मुलाचे डोळे वर फिरतात, हातपाय झटकले जातात, घोरणं मोठं होतं, आणि अंग एकदम लुळं पडतं. ते बघणं जड जातं. सगळं ठीक चाललेलं असतं. "आता बाहेर जा" म्हटलं की लगेच जायचं, कारण तिथून पुढं सगळ्यांचं लक्ष त्याच्यावर हवं.

नवऱ्याच्या मोबाइलवर आलेलं अगदीच खोटं नाही, अर्धवट आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१६ च्या डिसेंबरात इशारा दिला तो तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांपेक्षा जास्त लांबलेली किंवा पुन्हा पुन्हा दिलेली भूल, याबद्दल. त्यामुळे त्यांची काळजी समजते. पण दुसऱ्या बाजूला हे आहे: सातशे बावीस तान्ह्या बाळांची हर्नियाची ऑपरेशनं, अर्ध्यांना पूर्ण भूल, अर्ध्यांना जागेपणीच पाठीतून सुन्न करून, अनेक देशांत मिळून. पूर्ण भूल होती तासाभराच्या आतबाहेरची. मुलं पाच वर्षांची झाल्यावर त्यांची बुद्धी तपासली, आणि २०१९ साली निष्कर्ष छापून आला तो असा की दोन्ही गटांत फरक नाही. तुमच्या बाबूची पहिली भूल हर्नियापुरती, दुसरी साडेचाराव्या वर्षी टॉन्सिलपुरती. मी माझ्या नातवाला देऊ दिली असती. उलट रोज रात्री श्वास अडून झोपमोड होणारं मूल दिवसा चिडचिडं होतं, त्याचं लक्ष लागत नाही. ते असंच वर्षभर चालू ठेवण्याची चिंता बाबूच्या वडिलांनी जास्त करावी. आणि घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर ती आजपासून अंगणात, चवथीनंतर नव्हे. सिगारेटच्या धुरात राहणाऱ्या मुलांना भूलेत खोकला आणि घशाची आकडी जास्त येते.

मामाकडे नेतोय असं सांगू नका. ते एकदा चालतं. नंतर खऱ्या मामाकडे जायच्या दिवशी काय कराल? साडेचार वर्षांच्या मुलाला चार-पाच दिवस आधी सांगितलं तर पुरे, पंधरा दिवस आधी सांगून त्याला झुरवू नका. "तुझ्या घशात दोन फुगलेल्या गाठी आहेत, म्हणून रात्री तुला श्वास घ्यायला त्रास होतो. डॉक्टर औषधानं झोपवणार, तेव्हा काही दुखणार नाही. उठलास की घसा दुखेल, मी तिथं असेन." एवढंच. "दुखणारच नाही" म्हणू नका, कारण दुखतं. आणि झोपवणं हा शब्द जपून वापरा. घरात कुत्रा-मांजर मेल्यावर "झोपला" असं सांगितलं असेल, तर मुलं ते लक्षात ठेवतात.

त्या दिवशी सकाळची एक अडचण आताच सांगून ठेवते. सहा तास आधीपर्यंतच खाणं. त्यात दूध आलं, चहा आला, पेज आली. आजी म्हणेल, पेजेवरचं निवळ म्हणजे पाणीच. नाही हो. भाताचं सत्त्व त्यात असतं. आणि दूध पोटात गेलं की फुटतं, त्याच्या गाठी होतात, मग ते पाण्यासारखं खाली सरकत नाही. भूल देताना ते वर आलं आणि श्वासाच्या नळीत गेलं तर फुप्फुस खराब होतं, म्हणून हा सगळा कडकपणा. साधं पाणी मात्र सहसा दोन तास आधीपर्यंत देतात, काही ठिकाणी एक तास. "रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नको" असं कुणी सांगितलं, तर "पाणी किती वाजेपर्यंत चालेल?" असं परत विचारा. तहानेलं मूल निम्मं आधीच बिथरलेलं असतं. यादीत पहिला नंबर मागा, लहान मुलांना बहुतेक देतात.

पण पदेर? पहाटे त्याचा भोंगा वाजला की गोव्यातलं कुठलं मूल पाव मागणार नाही! त्या दिवशी त्याला आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा, उद्या आमच्या दारात वाजवू नको. आणि चवथीच्या नेवऱ्या, लाडू संपलेले नसतील तर डबा उंचावर. खिशातून नेवरी निघाल्यामुळे मी एक ऑपरेशन पुढं ढकललंय. आजोबांनी दिली होती, "पोर उपाशी बघवत नाही" म्हणून. चवथीला घर भरतं, पाऊस असतो, चुलत-मावस भावंडं एकमेकांना सर्दी देतात. नाक वाहायला लागलं किंवा खोकला आला तर इस्पितळात फोन करा. सर्दीत श्वासाची वाट चिडखोर असते. भूल देताना घशाचं दार गच्च मिटू शकतं. दोन-चार आठवडे थांबावं लागलं तर थांबा, तारीख परत मिळते. औषध पाजून नाक सुकवून नेणारे पालक असतात. तसं करू नका.

शुद्धीवर येतानाचं कुणी तुम्हाला सांगितलेलं नसेल. या वयाची मुलं, विशेषतः नाक-कान-घशाच्या ऑपरेशननंतर, कधीकधी डोळे उघडून बेभान रडतात. आईला ढकलतात, ओळखत नाहीत, सलाइन उपटायला जातात. दहा-पंधरा मिनिटं, क्वचित अर्धा तास. तुम्हाला वाटेल, मागच्या वेळचंच पुन्हा सुरू झालं. ते तसं नसतं. मेंदू एका बाजूनं जागा झालेला असतो, दुसऱ्या बाजूनं नाही. त्याला नंतर यातलं काही आठवत नाही. त्याला जोरानं हलवू नका, प्रश्न विचारू नका, पडणार नाही इतपत धरून हळू बोलत राहा. फार झालं तर औषध असतं. घोरणाऱ्या मुलाला रात्रभर इस्पितळात यंत्र लावून ठेवायचं म्हणाले तर घरी न्यायची घाई करू नका. आणि घरी कोडीन असलेलं खोकल्याचं औषध असेल तर ते टाकून द्या. टॉन्सिल काढलेल्या मुलांत कोडीननं श्वास थांबून मृत्यू झालेत, २०१३ पासून त्यावर कडक इशारा आहे.

डॉक्टर रागावतील का, विचारलंत. एखादा रागावेलही. बाहेर तीस माणसं थांबलेली असतात. तरी विचारा, कागदावर लिहून न्या: गुंगी देणार का, कोणती, कुठे आणि कुणाच्या देखरेखीत, नाही देणार तर त्याला आत कसं नेणार, पाणी किती वाजेपर्यंत. एवढं विचारायला दोन मिनिटं लागतात. मला विचारणाऱ्या आया कधी जड वाटल्या नाहीत. न विचारता घरून काहीतरी पाजून आणणाऱ्यांची मात्र धास्ती वाटायची.

आणि आठवडाभर आधीपासून घरी एक खेळ सुरू करा. एक वाटी घ्या, बाहुलीच्या, नाहीतर बाबूच्या आवडत्या अस्वलाच्या तोंडावर ठेवा आणि दोघांनी मिळून दहा फुंकरा मोजा. मग तो तुम्हाला लावेल, मग आजीला. आजीनं डोळे मिटून मोठ्यानं घोरायचं. शेवटी स्वतःला लावेल, सांगायची गरज पडणार नाही. वाटी प्लास्टिकची घ्या, स्टीलची ओठांना गार लागते.